लीझलचं गोत्र

रामघाटावर ढुंढिराजशास्त्री मुळ्यांना टाळून पुढे जायचं असेल तर एकच उपाय आहे, नावेने जायचं. पायऱ्यांवरून गेलात की सापडलात. नमस्कार पुरता व्हायच्या आत तुमच्या वडिलांचं, आजोबांचं आणि पणजोबांचं नाव त्यांनी काढून घेतलेलं असतं. गल्लीतल्या भाजीवाल्याच्या पणज्याचं नाव शास्त्रीबुवांना पाठ आहे, भाजीवाल्याला नाही. त्यांच्या मालविकेला बघायला पहिला मुलगा आला तो चांगला बँकेत होता, पण पणजोबांचं नाव विचारल्यावर त्याने छताकडे पाहिलं आणि स्थळ तिथेच मोडलं. दुसरा नागपूरचा मुलगा हुशार निघाला. तो सात पिढ्या घोकून आला होता. त्यातल्या चार खोट्या होत्या हे मालविकेने लग्नानंतर आईला सांगितलं, वडिलांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

मुळ्यांचं घराणं कोकणातून काशीला आलं. कधी आलं, ते शास्त्रीबुवा आनंदाने सांगतात, मात्र दर वेळी पेशवा बदलतो. घरात मराठी, गल्लीत हिंदी, घाटावर संस्कृत आणि अगदीच अडलं तर इंग्रजी, अशी त्यांची वाटणी आहे. पितृपक्षात त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. महाराष्ट्रातून आलेले यजमान हॉटेलातून थेट त्यांच्यापुढे येऊन बसतात आणि शास्त्रीबुवा एकेकाचे पितर असे हाका मारून बोलावतात की जणू ते शेजारच्या संकठा घाटावरच थांबले असावेत.

रामघाटात त्यांचा दबदबा होता तो एका गोष्टीसाठी. त्यांचा संकल्प कधी चुकला नाही. संकल्प म्हणजे कुणी, कुणासाठी, कोणत्या नात्याने हे कर्म करायचं त्याची घोषणा. नातं चुकलं तर पिंड जातो भलत्याच पत्त्यावर. आणि नातं ओळखण्याची शास्त्रीबुवांची स्वतःची एक पद्धत होती. नाजूक जागी एकदाच विचारायचं, दुसऱ्यांदा नाही. "यजमानाची लाज झाकणं हे अर्धं पौरोहित्य आहे," असं ते म्हणत. फार वर्षांपूर्वी एका कापडवाल्याची दोन बायकांची मुलं एकाच सकाळी घाटावर आली होती, आणि एकमेकांचा त्यांना पत्ता नव्हता. शास्त्रीबुवांनी नाकांची ठेवण पाहिली, एक अक्षर न बोलता संकल्पात 'सापत्नमाता' हा शब्द हळूच सोडला, आणि दुपारी दोन्हीकडची भावंडं एका पंगतीला रडत रडत जेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही गोष्ट शास्त्रीबुवा स्वतः सांगत नसत. कुणीतरी सांगावी म्हणून फक्त विषय त्या दिशेला नेत.

तर अशा माणसापुढे यंदाच्या पितृपक्षात इर्मगार्डबाई येऊन उभ्या राहिल्या.

बाई जर्मनीतल्या डोंगराळ मुलखातल्या. सत्तरी उलटलेली, पण घाटाच्या पायऱ्या शेळीसारख्या उतरल्या आणि धापही टाकली नाही. शेजारच्या गल्लीतल्या गेस्ट हाउसवाल्याने त्यांना सांगितलं होतं की इथे कुणाही मेलेल्या माणसासाठी विधी होतो, फक्त मुळ्ये पंडितजींकडे जा. शरदिनीकाकू, म्हणजे शास्त्रीबुवांच्या पत्नी, शाळेत तीस-पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. शास्त्रीबुवा बाईंना घरी घेऊन आले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मी बसते सोबत. तुमची अंग्रेजी म्हणजे..."

"माझी इंग्रजी संकल्पापुरती पुष्कळ आहे," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि काकूंना चाय करायला आत पाठवलं. हात दाखवून अवलक्षण कसं असतं ते पुढे दिसेल.

सुरुवात उत्तम झाली. गोत्र नसलेल्याला काश्यप द्यायचं हे ठरलेलंच. वडिलांचं नाव? योसेफ. आजोबांचं? योसेफ. पणजोबांचं? बाई ओशाळून म्हणाल्या, "तेही योसेफ." शास्त्रीबुवा खूश झाले. इतकं सुटसुटीत घराणं त्यांच्या हाताखालून गेलं नव्हतं. वडील महायुद्धात सैनिक होते, पहाडी पलटणीत. टोपीवर पांढऱ्या डोंगरी फुलाचा बिल्ला, खिळे ठोकलेले बूट, आणि सुटी केलेली तोफ घेऊन रशियात कॉकेशसच्या खिंडी चढायच्या. पुढे कैद, मग घर, मग सुतारकाम. नव्वदी ओलांडून बिछान्यात शांतपणे गेले. त्यांचं सर्वपित्री अमावास्येला करू, म्हणजे सगळे योसेफ एकत्रच होतील, असं शास्त्रीबुवांनी ठरवून टाकलं. "आणखी कोणी?"

बाईंनी चायच्या कपात पाहिलं. "आणखी लीझल."

"त्या कोण?"

"ती वडिलांबरोबर होती. युद्धात." बाईंचे कान लाल झाले. "आई तिचं नाव घरात काढू द्यायची नाही. पण वडील युद्धातलं बोलले तर तिच्याबद्दलच. दुसरं काही नाही. रडले तेही फक्त तिच्यासाठी."

शास्त्रीबुवांनी लेखणी खाली ठेवली. एकदा विचारून झालं होतं. आता उरलेलं समजून घ्यायचं होतं, आणि समजायला असं किती शिल्लक होतं? तरुण शिपाई, परका मुलूख, जिवावरची थंडी.

"दोन हिवाळे," बाई सांगत होत्या. "रात्री तिची ऊब नसती तर वडील गोठून मेले असते. ते तिच्या अंगाला चिकटून झोपायचे."

"पुरे, पुरे," शास्त्रीबुवा घाईने म्हणाले. मुलीने बापाबद्दल किती बोलावं याला मर्यादा असते. "अपत्य?"

"नाही. तिला मुलं होणं शक्यच नव्हतं."

हे ऐकून मात्र शास्त्रीबुवांनी पुन्हा लेखणी उचलली. ना लग्नाचा मान, ना पोटी मूल, आणि इतकी वर्षं त्या बर्फात एक ओंजळ पाणी द्यायला कुणी नाही! त्यांनी हलकेच विचारलं, "मृत्यू कसा?"

"बंदुकीने. माघार घेताना, खिंडीत. सगळे उपाशी होते, आणि मग..."

"बस्स. समजलं."

जे शस्त्राने मरतात त्यांचं श्राद्ध चतुर्दशीला करायचं असतं, अमावास्येच्या आदल्या दिवशी. म्हणजे लीझलबाईंचं चतुर्दशीला आणि सगळ्या योसेफांचं दुसऱ्या दिवशी. त्याच संध्याकाळी बाईंची परतीची गाडी होती, तेही जुळत होतं. राहता राहिला स्वयंपाक. गेलेल्याच्या आवडीचा एखादा पदार्थ पानात असावा म्हणून शास्त्रीबुवांनी विचारलं, त्या काय आवडीने खायच्या?

बाई पहिल्यांदा हसल्या. "ओट. सफरचंद. गाजर तर फार! साखर दिसली की हातातून ओढून घ्यायची. एकदा तिने कॅप्टनची टोपी खाल्ली होती."

शास्त्रीबुवा गंभीर झाले. उपासमारीत माणसावर काय वेळ येईल सांगता येत नाही. ते एवढंच म्हणाले की श्राद्धात गाजर वर्ज्य आहे, सफरचंद चालेल, आणि ओटाच्या जागी जवाचं सातू.

बाई गेल्यावर शरदिनीकाकूंनी सगळं खोदून खोदून काढून घेतलं. त्यांना लीझलबाई एकदम आवडल्या. "बंदुकांच्या मारामारीत त्या माणसाच्या मागे मागे डोंगर चढली, म्हणजे काय हिंमत असेल हो! आणि हा बाप्या मागाहून दुसरीशी लग्न करून सुतारकाम करत बसला." त्यांनी सातूच्या लाडवात साखर दुप्पट घातली. "बिचारीने आयुष्यात गोड काय खाल्लं असेल?" म्हणाल्या. तिला गोड हवं, एवढं एक अनुमान घरात बरोबर निघालं.

चतुर्दशीला सकाळी गंगा अजून पुराच्या तोऱ्यात होती. खालच्या पायऱ्या गाळात रुतलेल्या, म्हणून सगळे गुरुजी वरच्या पायऱ्यांवर एकमेकांना खेटून बसलेले. शास्त्रीबुवांच्या उजव्या हाताला नरहरशास्त्री होते. दोघे एका वेदपाठशाळेत एका पाटावर शिकले, आणि तेव्हापासून एकमेकांच्या चुका शोधण्यात दोघांचं आयुष्य बरं गेलं. नरहरशास्त्र्यांना मुळ्यांची चूक मात्र अजून सापडली नव्हती. बाईमाणसाने श्राद्ध करावं का, यावर त्यांनी घसा खाकरून पाहिला. शास्त्रीबुवांनी तिकडे लक्ष दिलं नाही आणि मुद्दाम मोठ्या आवाजात संकल्प सोडला, काश्यपगोत्री लीझल, कर्त्रीची सापत्नमाता, शस्त्रहता.

इर्मगार्डबाईंनी सांगितलं तसं सगळं केलं. तीळ सोडले, पाणी सोडलं, पिंडावर फूल ठेवलं. ठेवताना त्या ढसाढसा रडल्या, आणि शास्त्रीबुवांनीही पंच्याने डोळे टिपले. बापाच्या पहिल्या बाईसाठी इतकं रडणारी लेक त्यांनी पौरोहित्याच्या सगळ्या कारकिर्दीत पाहिली नव्हती.

मग बाईंनी पिशवीतून एक जुना फोटो काढून पिंडाजवळ ठेवला. बर्फाचा डोंगर. टोपीवर फुलाचा बिल्ला लावलेला विशी-बाविशीचा पोरगा, कान बाहेर आलेले, दात दाखवून हसतोय. त्याचा हात शेजारच्या खेचराच्या मानेवर.

शास्त्रीबुवांनी फोटो न्याहाळला. मागे एक तंबू होता, त्यातही बघितलं. "छान. फोटो लीझलबाईंनी काढलेला?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि बोट ठेवलं. "ही लीझल."

बोट पोरग्यावर नव्हतं.

मग उजवीकडून नरहरशास्त्र्यांनी मान लांब केली, चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि इतक्या वर्षांच्या तपश्चर्येचं फळ हाती आल्यासारख्या गोड आवाजात विचारलं, "मुळ्या, यात बाई कुठली रे?"

बाईंना शब्द कळले नाहीत, पण शास्त्रीबुवांचा चेहरा कळला. त्या घाईघाईने सांगू लागल्या. वडिलांनी मरताना मागितलं ते एकच. लीझलसाठी काहीतरी कर. गावच्या चर्चमध्ये त्या गेल्या होत्या. तिथल्या धर्मगुरूंनी 'खेचर' ऐकल्याबरोबर हसू दाबलं आणि सांगितलं की जनावरांसाठी प्रार्थना होत नाही. म्हणून इथे त्यांनी नुसतं नाव सांगायचं ठरवलं. एकही शब्द त्या खोटा बोलल्या नव्हत्या. "आता हे चालणार नाही का?" त्यांनी विचारलं. "पोचलं नाही का तिला?"

हा प्रश्न साधा होता, आणि त्याचं उत्तर शास्त्रीबुवांजवळ होतं. पण आजूबाजूच्या पायऱ्यांवर खांदे हलायला लागले होते, आणि शास्त्रीबुवांना त्या घटकेला मेलेली लीझल दिसेना, फक्त हलणारे खांदे दिसले. "उद्या बघू," असं म्हणून त्यांनी पंचा झटकला आणि घरची वाट धरली. बाई फोटो हातात घेऊन तिथेच बसून राहिल्या. वाईट केलं. विद्वान माणूस अपमानाच्या वेळी आपल्याहून शहाणा वागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी विद्वान जवळून पाहिलेले नाहीत.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. रामघाट ते मणिकर्णिका, 'मुळ्यांनी खेचराला आई केली' एवढं एकच वाक्य फिरत होतं, आणि पानवाल्याने त्यात सासूही घातली होती. शास्त्रीबुवा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. शरदिनीकाकूंनी सगळं ऐकलं आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबून हसल्या, आत जाऊन हसल्या, टोपीचं आठवलं तेव्हा ओट्याला धरून हसल्या. मग डोळे पुसून बाहेर आल्या.

"अहो, तुम्ही नीट विचारलं का नाही? 'लीझल माणूस आहे ना?' बस, एवढं."

"असं कुणी विचारतं का? उद्या तुझ्याबद्दल विचारतील."

"विचारू देत. मी सांगेन. पण ती बाई तिथे तशीच बसली असेल." काकूंनी उरलेले सातूचे लाडू डब्यात भरले आणि चपला घातल्या.

त्या परतल्या तेव्हा दिवेलागण झाली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. शास्त्रीबुवांच्या उशाशी बसून त्या बोलल्या. लीझलला गोळी घालणारा शत्रू नव्हता. योसेफनेच घातली होती. पलटण मागे हटत होती, बर्फात वाट बुजलेली, पोटात काही नाही. आधी चामड्याचे पट्टे उकळून खाऊन झाले. मग हुकूम आला की खेचरं मारा. ज्याचं त्याने मारायचं. त्याने खिशातली शेवटची साखर तिला चाटवली, तिने सवयीने त्याची बाही ओढली, आणि त्याने गोळी घातली. रात्री सगळ्यांनी जेवण केलं. त्यानेही केलं. म्हणून जगला, घरी आला, लग्न केलं आणि ही मुलगी झाली.

"ती म्हणाली, मी आहे ती लीझलमुळे आहे," काकू म्हणाल्या. "एका अर्थाने तुमचा संकल्प काही फार चुकला नव्हता."

शास्त्रीबुवांनी भिंतीकडची कूस बदलली.

"आणि अजून एक. युद्धात बाप दुसरं काय करत होता, ते त्याने मुलीला कधीच सांगितलं नाही. तिने विचारलं. गावं जाळली का, लोकांना मारलं का. त्या पलटणींनी तसलंही पुष्कळ केलं होतं म्हणे. तो प्रत्येक वेळी खेचराची गोष्ट सांगायचा. तिला वाटतं, एका खेचराच्या आड फार माणसं उभी आहेत. तरी मरताना मागितलं ते एवढंच, म्हणून आली. उद्या शामची गाडी आहे. तुम्ही येणार नसाल तर ती फोटो गंगेत सोडून जाणार."

शास्त्रीबुवा उठून बसले. त्यांना लाज वाटली, आणि ती नरहरशास्त्र्यांची नव्हती. श्राद्धाच्या शेवटी ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी एक पिंड देतात. त्यात मित्र येतात, नोकर येतात, पशू येतात, झाडंसुद्धा येतात. ज्यांनी आपल्यावर उपकार केले आणि ज्यांचं देणं राहिलं ते सगळे येतात. चाळीस वर्षं ते हा मंत्र म्हणत आले होते, बहुतेक वेळा पुढच्या यजमानाकडे डोळा ठेवून. त्यात पशू आहेत, हे त्यांना पाठ होतं. पण कधी कुणी एखाद्या पशूचं नाव घेऊन दारात उभं राहील असं वाटलं नव्हतं. उत्तर घाटावरच जिभेशी होतं. अहंकाराने गिळलं.

"वाढ," ते म्हणाले. "आणि उद्या तू चल माझ्याबरोबर. तुझी इंग्रजी लागेल."

तेहतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य काकूंनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

सर्वपित्री अमावास्येला रामघाटावर तीळ टाकायला जागा नसते. त्या दिवशी तर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती, कारण काही मंडळी पितरांसाठी आणि काही मुळ्यांसाठी आली होती. शास्त्रीबुवा स्वतः गेस्ट हाउसवर जाऊन इर्मगार्डबाईंना घेऊन आले. बसायच्या आधी उभे राहिले, आणि योसेफांना हाक मारायच्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "काल मी संकल्प चुकीचा केला. नीट विचारलं नाही. चूक माझी, यजमानाची नाही. आज पुन्हा करतो. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ता हसून घ्यावं, मंत्र सुरू झाल्यावर नको."

कुणी हसलं नाही. हसा म्हटल्यावर हसता येत नाही, हा माणसाचा स्वभाव आहे.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि बांध फुटावा तसे विचारत सुटले. लीझलचा रंग कोणता? पाठीवर काय असायचं? तोफेचं चाक की नळी? हट्टी होती का? कुठल्या कानाला खाजवलेलं आवडायचं? बाई सांगत होत्या, काकू मराठीत आणत होत्या. उजवीकडचे नरहरशास्त्री आपल्या यजमानाला विसरून ऐकत होते. शेवटी शास्त्रीबुवांनी विचारलं, "वडिलांची ती कोण होती? तुमच्या तोंडाने सांगा. मी ठरवणार नाही."

बाईंनी विचार केला. "ती त्यांच्याबरोबरची शिपाई होती. आणि तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला."

"याला नातं काय लावतोस?" नरहरशास्त्री न राहवून म्हणाले. आवाजात कालची साखर नव्हती. "आप्त म्हण. आप्तात बसतं. मी असतो तर आप्तच म्हटलं असतं."

"मग आप्तच," शास्त्रीबुवा म्हणाले.

योसेफांचे तीन पिंड झाले, लीझलचा काकूंच्या त्याच गोड सातूचा झाला. पानात सातूचे दोन गोळे उरले होते. इर्मगार्डबाईंनी त्यातला एक हातात घेतला आणि काकूंना काहीतरी हळू आवाजात विचारलं. काकूंनी ते सांगायला जरा वेळ लावला. "ती म्हणते, ज्यांची नावं बापाने सांगितली नाहीत, त्यांच्यासाठी एक ठेवू का? किती आहेत ते तिला माहीत नाही."

"गोत्र..." सवयीने शास्त्रीबुवांच्या तोंडून निघालं, आणि ते थांबले. माणूस दिसला की तीन पिढ्या विचारणाऱ्या त्या माणसाला पुढे काही विचारता येईना. त्यांनी फक्त पळीभर पाणी बाईंच्या ओंजळीत घातलं. बाईंनी तो गोळा योसेफच्या पिंडाजवळ ठेवला, अगदी जवळ नाही, समोर.

आता कावळा शिवायला हवा. पण सर्वपित्रीला दुपारपर्यंत काशीतले कावळे इतके जेवलेले असतात की समोर ठेवलेल्याकडे बघतही नाहीत. एक पिंपळाच्या फांदीवर बसून होता, डोळे मिटून. बाईंनी विचारलं, तो येत का नाही? काल असतं तर शास्त्रीबुवांनी सारवासारव केली असती. आज त्यांनी खरं ते सांगितलं. आमच्याकडे म्हणतात की गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे, मग घरच्यांनी पुरी करायचं वचन द्यायचं.

बाई योसेफच्या पिंडाकडे तोंड करून त्यांच्या भाषेत काही बोलल्या. बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणालात?" शास्त्रीबुवांनी विचारलं. नाजूक जागी, दुसऱ्यांदा.

"मी म्हटलं, लीझलचं केलं. आता तिच्या मागे लपू नका. जे तुम्ही सांगितलं नाही ते मी शोधेन, कागद आहेत, गावं आहेत, आणि नातवंडांना सगळं सांगेन. तुम्ही साखर दिली तेही सांगेन."

कावळा हलला नाही. पण वरच्या गल्लीतून ओरडा झाला आणि एक गाढव पायऱ्या उतरत आलं. गल्लीबोळात गाडी शिरत नाही, म्हणून विटा-वाळू वाहायला ही गाढवं असतात. हे पाठीवरचं पोतं सांडून निसटलं होतं. गुरुजींच्या रांगेतून वाट काढत ते थेट आलं. योसेफांकडे त्याने बघितलंही नाही. लीझलच्या पिंडाला नाक लावलं, दुप्पट साखरेचा वास घेतला आणि एका घासात पिंड खाऊन टाकला. मग बाईंची बाही दातात धरून ओढली.

सगळा घाट नरहरशास्त्र्यांकडे पाहू लागला. कावळ्याऐवजी गाढव चालतं का, याचा निर्णय त्यांच्याशिवाय कोण देणार? नरहरशास्त्र्यांनी चष्मा पुसला. "खेचराचा बाप गाढव असतो," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे हे बापाकडचं. चालतं. उलट कावळ्यापेक्षा जवळचं."

मग हसू फुटलं ते आवरेना. शास्त्रीबुवा हसले, काकू हसल्या, नरहरशास्त्री स्वतःच्या न्यायावर खोकला येईपर्यंत हसले. आणि इर्मगार्डबाई त्या गाढवाच्या मानेला मिठी मारून हसत होत्या, रडत होत्या, आणि त्याच्या डाव्या कानामागे खाजवत होत्या. लीझलला तिथेच आवडायचं.

संध्याकाळी बाई गेल्या. फोटो त्यांनी गंगेत सोडला नाही, बरोबर नेला. त्यांना चौकापर्यंत पोचवून शास्त्रीबुवा परत येत होते तर गल्लीत तेच गाढव विटांखाली उभं, आणि मालक शेजारी विडी ओढत होता. आता हे थांबणार आणि मालकाच्या पणज्याचं नाव विचारणार म्हणून काकूंनी कपाळाला हात लावला. शास्त्रीबुवा थांबले. पण त्यांनी बोट दाखवलं ते गाढवाकडे.

"इसका नाम क्या है?"

मालकाला वाटलं थट्टा चालली आहे. "नाम? गदहा हौ गुरु, अउर का."

शास्त्रीबुवांनी पंच्याच्या गाठीतून उरलेला सातूचा लाडू काढला आणि गाढवापुढे धरला.

"नाम रख दे भैया," ते म्हणाले. "कब काम आ जाए, कौन जाने."